पहिल्या खोलीतला वादक

डॉक्टरांनी आपला फोन टेबलावरून तिच्या बाजूला फिरवला आणि तिला स्वतःचं अक्षर दिसलं. पेन्सिलीचं, घाईचं, समासात तिरकं चढत गेलेलं. खोडून खोडून कागद जिथे झिजला होता तिथला करडा डागसुद्धा फोटोत स्वच्छ आला होता. 'उजवीकडे' या शब्दाखाली दोन रेघा, आणि शेजारी मोठ्या अक्षरात, उद्गारचिन्हासकट, 'चूक'. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात तिच्या साखरेच्या डब्याचं निळं झाकण होतं. म्हणजे फोटो तिच्या घरी काढलेला होता, तिच्या जेवणाच्या टेबलावर, बहुधा रविवारी ती आत चहा टाकत असताना. ती मुलाकडे वळली. तो शेजारच्याच खुर्चीवर बसला होता आणि भिंतीवरचं मेंदूचं रंगीत चित्र असं बघत होता की जणू ते आजच पहिल्यांदा टांगलंय. फोटोतलं ते कोड्यांचं पुस्तक हेरगिरीचं होतं, हे आठवून तिला क्षणभर हसू येणार होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथल्या तिथे त्याचा राग झाला.

"या कोड्यावर तुम्ही बराच वेळ घालवलात, असं चिरंजीव सांगत होते," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चांगला होता. तेच वाईट होतं.

"ते कोडं चुकीचं आहे."

"असं तुम्हाला वाटतं."

"वाटत नाही. आहे."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मग पेनचं टोपण लावत, अगदी सहज, बाहेर ऊन फार आहे का असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हल्ली राग लवकर येतो का?"

ती बोलणार तेवढ्यात मुलगा म्हणाला, "थोडासा." आणि डॉक्टरांनी मान हलवली. चिडचिड वाढणं, आपलंच बरोबर असं वाटणं, ही कधीकधी सुरुवातीची लक्षणं असू शकतात, लगेच घाबरायचं कारण नाही, पुढच्या आठवड्यात सविस्तर चाचण्या करून घेऊ. हे सगळं ते बोलले मुलाकडे बघून. तिच्यासमोर तिच्याबद्दल, ती म्हणजे दुरुस्तीला टाकलेला मिक्सर असल्यासारखं. तिच्या लक्षात आलं की दार बाहेरून लागलंय. चिडावं तर ते लक्षण. न चिडावं तर कोडं तिलाच सुटलं नाही असं ठरणार. पुस्तक चुकलंय म्हणावं, तर मेंदू उतरणीला लागलेली बाई आणखी काय म्हणणार? तिने हात मांडीवर ठेवले, एकावर एक, आणि आपल्या जुन्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे."

जुना आवाज म्हणजे नोकरीतला. आयुष्यभर तिने विमानतळाच्या अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यांसमोर बसून विमानांना वाटा दिल्या होत्या. डावीकडे वळा, उंची कमी करा, थांबा, आता या. त्या खोलीत राग आणायची परवानगी नव्हती. तिला काम शिकवणारे वरिष्ठ, ज्यांना सगळे पाठीमागे घुबड म्हणत, ते सांगायचे की माइकवर तुझा आवाज चढला की वर चारशे माणसांच्या पोटात गोळा येतो, तेव्हा जे काय असेल ते गिळ आणि घरी जाऊन ओक. तिने गिळलं. एका वैमानिकाने दोनदा सांगूनही ऐकलं नाही तेव्हा गिळलं, शेजारच्या टेबलावरचा पोऱ्या उजवीकडे म्हणायच्या जागी डावीकडे म्हणून गेला आणि तिने त्याच्या हातातून माइक ओढून दोन ठिपके एकमेकांपासून लांब केले, तेव्हाही गिळलं. मग प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडला आणि गार पाण्याखाली मनगटं धरून उभी राहिली. घरी जाऊन ओकायचं मात्र राहूनच गेलं. घरी लहान मुलगा असायचा, आणि नवरा असायचा. तो नवरा जन्मभर चष्मा विसरला, छत्र्या विसरला, एकदा तर मुलालाच न्हाव्याच्या दुकानात विसरून आला. कुणी त्याला कुठल्या डॉक्टरकडे नेलं नाही. लोक कौतुकाने हसायचे. विसराळू आहेत हो, म्हणायचे. ती मात्र एकदा रस्ता चुकली.

एकदाच. नेहमीचा पूल, पुलाखालचं नेहमीचं वळण, आणि गाडी उजवीकडे न जाता डावीकडे गेली. पुढे गोदामं लागली, बंद शटरं, उभे ट्रक. तिने गाडी कडेला घेतली आणि मुलाला फोन केला, की मी कुठे आहे ते मला कळत नाहीये. हे वाक्य तिने उच्चारलं त्या दिवसापासून घरातली हवा बदलली. गाडी 'सर्व्हिसिंगला' गेली ती आलीच नाही. सून फोनवर "आई, जेवलात का?" ऐवजी "आई, काय जेवलात?" विचारायला लागली, आणि त्या दोन प्रश्नांतला फरक न कळण्याइतकी ती म्हातारी झालेली नव्हती. शेजारीणबाई कारण नसताना बेल वाजवून जायच्या. सगळे हसतमुख. मुलगा दातांचा डॉक्टर आहे. त्याचा एक आवाज आहे, सुई टोचण्याआधीचा. 'आता थोडंसं मुंगी चावल्यासारखं होईल हं.' तो आवाज तो आता तिच्याशीही वापरू लागला होता.

म्हणून तर वाढदिवसाला त्याने ते पुस्तक दिलं तेव्हा ती हुरळली. आता दवाखान्याच्या जिन्यावरून उतरताना तिला त्या हुरळण्याचीच जास्त चीड आली. 'शत्रूच्या शहरात' असं ठळक लाल नाव. मुखपृष्ठावर कोटाची कॉलर वर केलेला माणूस दिव्याच्या खांबाखाली उभा, चेहरा हॅटच्या सावलीत. मागच्या बाजूला वचन छापलेलं: तुम्हाला एका अनोळखी शहरात सोडण्यात आलं आहे, तुमच्याकडे फक्त तुमची बुद्धी आहे, प्रत्येक कोडं सुटलं की एक अक्षर हाती लागेल, आणि ती सगळी जुळली की असा एक संदेश मिळेल जो फक्त खऱ्या हेरालाच वाचता येईल. तिला वाटलं होतं, याला आठवलं. आपली आई कोण होती, डोक्यात एकाच वेळी काय काय धरून ठेवायची, हे याला आठवलं. सकाळची भांडी तशीच ठेवून ती खिडकीत बसायची. आरशातलं लिखाण, आगगाड्यांची वेळापत्रकं, शहराचे नकाशे, एकमेकांवर पाळत ठेवणारी माणसं. कितीतरी वर्षांनी तिचं डोकं पुन्हा चालतंय, नुसतं चालत नाही तर पळतंय, असं तिला वाटायचं. उत्तर सापडलं की मानेमागे एक बारीक गार लहर यायची. तीच, जी पूर्वी शेवटचं विमान धावपट्टीवर टेकलं की यायची. आणि हा सगळा आनंद म्हणजे तिच्या जिभेखाली ठेवलेला थर्मामीटर होता. ती खेळत होती आणि हे लोक पारा बघत होते.

"चल, सोडतो तुला घरी," मुलगा गाडीचं दार उघडून म्हणाला. "मग मला क्लिनिकला पोचायचंय."

"मी बसने जाईन."

"आई." तोच आवाज. मुंगी चावल्यासारखं होईल हं.

"बस माझ्या दारात थांबते," ती म्हणाली. "तिला रस्ता माहितीये."

तो हसला नाही. सुनेला फोन लावतच गाडीत बसला, हे तिने पाहिलं.

बस आली ती उलट्या दिशेची, आणि तीच तिला हवी होती. पुस्तक पर्समध्ये होतं. शेवटच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता होता. खिडकीपाशी बसून तिने पुन्हा ते पान उघडलं. हॉटेलातल्या चार खोल्या, ओळीने. चार पाहुणे: वादक, पत्रकार, डॉक्टर आणि व्यापारी. डावीकडच्या पहिल्या खोलीत जो असेल तो शत्रूचा माणूस. व्यापारी सगळ्यात उजवीकडच्या खोलीत. डॉक्टर त्याला लागून. इथवर ठीक. मग म्हणे, वादकाची खोली डॉक्टरच्या उजवीकडे, एक खोली सोडून. पण डॉक्टरच्या उजवीकडे व्यापारी, आणि व्यापाऱ्याच्या पुढे भिंत. वादकाने झोपायचं कुठे? 'उजवीकडे'च्या जागी 'डावीकडे' हवं, इतकी साधी गोष्ट. दुसरं कुणी असतं तर एका मिनिटात पुस्तकाला शिवी हासडून पुढे गेलं असतं. ती जाऊ शकली नाही. कारण नेमकं डावं आणि उजवं. पुलाखाली ज्याने दगा दिला तेच. दिवसचे दिवस ती त्या चार दारांसमोर उभी राहिली. आपला उजवा हात वर करून बघायची, हा उजवा ना? याच हाताने जेवतो ना आपण? खोडायची, पुन्हा मांडायची. पुस्तक चुकलंय हे डोक्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण आपल्या डोक्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हेच आता कुणाला तरी विचारावं लागत होतं. आणि तिने विचारलं. रविवारी मुलाला विचारलं. त्याने मागचं उत्तर काढलं, 'वादक', आणि म्हणाला, बघ आई, वादक पहिल्या खोलीत, तू डावं-उजवं उलट धरतेस, खोलीच्या आतून बाहेर बघ म्हणजे येईल बरोबर. ती म्हणाली, मग व्यापाऱ्यालाही आतून बघायला हवं, तोही दुसऱ्या टोकाला जाईल. तो म्हणाला, राहू दे ना, एवढं काय त्यात. आणि तिला चहा टाकायला सांगितला.

चहा टाकायला सांगितला! बसमध्ये तिच्या तोंडून हे मोठ्याने निघालं असावं, कारण पुढच्या बाकावरची बाई वळून बघून गेली. बघ, ती मनात म्हणाली. तूही लिहून घे कुठेतरी. लक्षण.

प्रकाशकाचं कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत छतापर्यंत गठ्ठे, दुसरीत पंख्याखाली एक टेबल. टेबलामागे झोपाळू डोळ्यांचे, दाढीत पांढरं डोकावू लागलेले एक गृहस्थ डब्यातलं सफरचंद चाकूने कापत होते. ते संपादक. पाककृतींपासून प्राणायामापर्यंत सगळ्या पुस्तकांचे तेच संपादक. तिने पान उघडून समोर ठेवलं आणि जुन्या आवाजात, एकही शब्द न चढवता, खोल्या मांडून दाखवल्या.

संपादकांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही. "हो हो, ती हॉटेलची ना? आहे चूक. माहितीये."

"माहितीये?"

"छपाईला गेल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या आवृत्तीत करणार होतो दुरुस्त, मग राहून गेलं." त्यांनी सफरचंदाची फोड तिच्यासमोर धरली. "घ्या ना. गोड आहे."

"किती आवृत्त्या झाल्या?"

"पुस्तक चालतं हो आपलं. भेट म्हणून फार जातं. वडीलधाऱ्या माणसांना देतात लोक, मेंदूला व्यायाम म्हणून." ते मोकळेपणाने हसले. "खरं सांगू का मॅडम, देणारे देतात, पण सोडवत कोण बसतंय? त्या पानापर्यंत पोचलेल्या तुम्ही पहिल्याच. निदान तक्रार घेऊन आलेल्या तरी पहिल्याच."

पहिलीच. म्हणजे बाकीचे? कुठल्यातरी खिडकीत बसून, त्या चार दारांसमोर आपला उजवा हात वर करून बघणारे? ते काही जिने चढून तक्रार करायला आले नसणार. त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं असणार आणि मनाशी म्हटलं असणार, संपलं आपलं. आणि त्यांच्या मुलांनी मान हलवली असणार.

"शेवटी तो संदेश काय निघतो?" तिने विचारलं.

"कुठला?"

"जो फक्त खऱ्या हेराला वाचता येतो. मागे छापलंय तुम्ही."

"तो होय." त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. चाकूचं टोक हवेत तसंच. "कोडी करणारे वेगळे होते. दुसरी नोकरी लागली त्यांना."

तिने पर्समधून पेन्सिल काढली. 'वादक'मधल्या 'वा'ची जागा तिने हट्टाने रिकामी ठेवली होती. जे सिद्ध होत नाही ते लिहायचं नाही, म्हणून. आता ते अक्षर तिने बसवलं आणि संपादकांच्या टेबलावरच, फोडींची बशी बाजूला सारून, पुस्तकातल्या तक्त्यातली सगळी अक्षरं क्रमाने उतरवून काढली. मग कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी मान वाकडी करून वाचलं.

वाचकहो, भाग दोन आजच विकत घ्या.

पंखा फिरत होता. संपादक एकदम खूश झाले. "वा! मस्त जमवलंय की! मलाच ठाऊक नव्हतं."

तिला वाटलं, ती बशी उचलून भिंतीवर फेकावी. हात खरोखर पुढे झालाही. मग तिने तोच हात पुस्तकावर ठेवला. "या पानावर लिहून द्या," ती म्हणाली. "छापण्यात चूक आहे, वाचकाची चूक नाही. खाली सही आणि शिक्का."

"अहो, एवढं कशाला? मी तुम्हाला भाग दोन देतो ना, आमच्याकडून भेट—"

"लिहा."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहिलं. शिक्का ओला होता. तो वाळेपर्यंत ती पान उघडं धरून उभी राहिली. बसायला त्यांनी सांगितलं, पण ती बसली नाही.

मुलाचं क्लिनिक तिथून चालत जाण्यासारखं होतं. ती चालली. चौक आला की मनात म्हणायची, उजवीकडे, आणि उजवीकडे वळायची. तिला कळत होतं की आपण प्रत्येक वळणावर स्वतःची परीक्षा घेतोय, आणि कळत असूनही थांबवता येत नव्हतं. हाही त्यांचाच उपद्व्याप. त्यांनी तिच्या आतसुद्धा एक माणूस बसवून ठेवला होता. तो गुपचूप नोंद करायचा, आता पर्स दोनदा तपासली, आता शेजारणीचं आडनाव पटकन आठवलं नाही. पूर्वी विसरणं हे नुसतं विसरणं होतं.

क्लिनिकमधली रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर पेशंट बघतायत, काकू, बसता का जरा?" ती दार ढकलून आत गेली. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ आडवे होते. तोंड उघडं, गालात कापूस, ओठाला अडकवलेली नळी गुडगुड करत होती. मुलाने मास्कवरून वर पाहिलं.

"आई? काय झालं? तू इथे कशी? एकटी आलीस?"

तिने पुस्तक उघडून त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्याने वाचलं. शिक्काही वाचला. त्याचे खांदे खाली आले, आणि मग तो आवाज आला, मऊ, गादीसारखा. "बरं झालं ना मग. मी म्हणतच होतो, काळजीचं काही नाही. पण तू फोन का नाही केलास गं? हिला कळवायचंस निदान. इतक्या लांब एकटी, चुकली असतीस म्हणजे?"

"चुकले असते तर विचारलं असतं!"

तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. हा माइकवरचा नव्हता. हा कुठून तरी पोटाच्या तळातून, एवढी वर्षं गिळलेल्या सगळ्यासकट वर आला होता, आणि आता तो बंद करायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

"आई, हळू. पेशंट आहेत."

"असू देत. त्यांनाही कळू दे. माझ्या घरी येऊन, माझ्या हातचा चहा पीत, तू माझा फोटो काढलास."

"तुझा नाही. पुस्तकाचा काढला."

"माझाच! माझं खोडलेलं, माझं घाबरलेलं, सगळं त्यात होतं. ते तू परक्या माणसाला दाखवलंस आणि भिंतीवरचं चित्र बघत बसलास. मला काय झालंय ते तू सगळ्यांना विचारलंस. डॉक्टरांना विचारलंस, बायकोला विचारलंस, शेजारणीला विचारलंस, छापखान्यातल्या चुकीला विचारलंस. मला विचारलंस कधी? एकदा तरी?"

खुर्चीतल्या गृहस्थांनी डोळे छताला लावले होते. नळी गुडगुडत होती. मुलाने पायाने कळ दाबून ती बंद केली. मग मास्क काढला. मास्कखाली त्याचा चेहरा वेगळाच होता, लालसर, गोंधळलेला, न्हाव्याच्या दुकानात एकट्या बसलेल्या पोराचा. त्याने हातमोजे काढले, आणि ते कुठे टाकायचे हे त्याला सुचेना.

"मला भीती वाटत होती," तो म्हणाला. "विचारलं आणि तू खरं सांगितलंस तर..." मग, कसलाही मऊपणा न लावता, जवळजवळ उद्धटपणे, त्याने विचारलं, "पुलाखाली त्या दिवशी काय झालं होतं?"

तिला वाटलं होतं, विचारलं की आपण ताडकन काहीतरी बोलू. पण शब्द सापडेपर्यंत वेळ गेला. तिने स्वतःशीही तो दिवस आजवर पुरता उघडला नव्हता.

"रस्ता विसरले असं नाही," ती म्हणाली. "रस्ता समोर होता. पूल दिसत होता, दुकानं दिसत होती. पण हे सगळं मला ओळखीचं आहे, हेच कुठे सापडेना. थोडाच वेळ. मग आलं परत सगळं. तुला फोन लावला तोवर निम्मं आलंही होतं."

"खूप घाबरलीस?"

"खूप. अजून घाबरते. हे आज विचारतोस." तिचा आवाज पुन्हा चढू लागला, आणि तिने तो चढू दिला. "आणि मला काही झालेलंही असेल. कोडं चुकलेलं निघालं म्हणून मी ठणठणीत आहे असं काही नाही, एवढं कळतं मला. चाचण्या मी करणार. पण आत मी एकटी जाणार आणि काय निघालं ते तुला मी सांगणार, डॉक्टर नाही. आणि हा राग आजाराचा नाहीये. हा तुझ्यावरचा आहे. तो लगेच जाणारही नाही. त्याच्यावर औषध विचारायला जाऊ नकोस."

"नाही जाणार," तो म्हणाला.

खुर्चीतल्या गृहस्थांनी कापसाआडून काहीतरी आवाज काढला आणि एक हात वर केला. मुलगा भानावर आला. "सॉरी, सॉरी. दुखतंय का?" त्याने घाईने नवे हातमोजे घेतले. बोटं नीट आत जाईनात. "आई, बाहेर बसतेस का दहा मिनिटं?"

"नाही."

ती हात धुण्याच्या बेसिनजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. तिने पुस्तक कचऱ्याच्या डब्यात टाकलं, तेव्हा झाकण एकदा वाजलं. नळी पुन्हा गुडगुडू लागली. मुलाने दिवा ओढून घेतला, पेशंटच्या तोंडावर वाकला, आणि मग तो दात पुरा होईपर्यंत त्याला तिच्या डोळ्यांदेखत काम करावं लागलं.